सव्वाचार इंच

बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे एडिनबर्गला आले. किल्ला, संग्रहालय, सगळं त्यांनी मान डोलावत पाहिलं. तिसऱ्या दिवशी बसने जवळच्या मसलबरा या समुद्रकाठच्या गावाला गेलो. उतरल्यावर समोरची हिरवळ बघून ते जागीच थांबले. "अगं, इथं तर रेसचं मैदान आणि गोल्फ एकातच आहे!"

बाबा बाराव्या वर्षी मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारा पोऱ्या, म्हणून लागले. पुढे तिथेच माळीकामावर घेतलं. पहाटे पाचला भोक पाडायचा कटर घेऊन ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवर जायचं, चेंडू पडायचं कालचं भोक, म्हणजे होल, बुजवायचं, नवं पाडायचं. बॅगेच्या पट्ट्याचा घट्टा उजव्या खांद्यावर अजून आहे. सोमवारी क्लब बंद असला की कॅडींना खेळायला मिळायचं. त्या सोमवारांबद्दल बाबा आजही तासभर बोलतात. बाकीचे सहा दिवस दालनातला विजेत्यांचा सोनेरी फलक त्यांनी काचेबाहेरूनच पाहिला.

म्हणूनच इथल्या पार्क या गोल्फवाल्या घराण्याची गोष्ट मला त्यांना इथे आणून सांगायची होती.

विली पार्क १८३३ साली इथून जवळच, वॉलीफर्डला जन्मला. तोही कॅडीच. श्रीमंतांच्या बॅगा वाहता वाहता खेळ शिकला. १८६० मध्ये प्रेस्टविकच्या मैदानावर पहिली ओपन, म्हणजे गोल्फची सर्वांत जुनी मोठी स्पर्धा, झाली. खेळाडू फक्त आठ, बारा होलच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात. मैदानाची देखभाल होती टॉम मॉरिसकडे, म्हणजे घर त्याचं. तिथे जाऊन विलीने १७४ फटक्यांत त्याला दोन फटक्यांनी हरवलं आणि बक्षिसाचा चामड्याचा कमरपट्टा घेऊन घरी आला. मग १८६३, १८६६, १८७५. चार वेळा!

त्याचा भाऊ मंगो बरीच वर्षं जहाजावर खलाशी होता. परत आला आणि १८७४ ची ओपन जिंकला. मसलबरात भरलेली ती पहिलीच ओपन. नऊ होलच्या चार फेऱ्यांत १५९ फटके. विलीचा मुलगा धाकटा विली १८८७ मध्ये जिंकला आणि १८८९ मध्ये पुन्हा, इथेच, अँड्र्यू कर्कल्डीशी बरोबरी झाल्यावर ३६ होलच्या प्लेऑफमध्ये. एका घरात सात ओपन. पुढे लंडनजवळच्या सनिंगडेलचं जुनं मैदान आखणारा तोच.

चौथ्या होलला मिसेस फोरमनचं नाव आहे, तिचा पब शेजारीच होता. १८७० साली थोरला विली आणि टॉम मॉरिस यांच्या सामन्यात विलीच्या गाववाल्यांनी चेंडू हलवून इतका त्रास दिला की मॉरिस उठून त्या पबात जाऊन बसला आणि पुढे खेळायला तयारच होईना. बाबांना हे आवडलं नाही. "आपला माणूस असला म्हणून काय झालं? पाहुण्याचा चेंडू हलवायचा नाही."

आणि कोळणी! १८१० च्या डिसेंबरात इथल्या क्लबाने ठराव केला, सर्वांत चांगलं खेळणाऱ्या मासेवालीला नवी टोपली बक्षीस, शिवाय रेशमी रुमाल. माझी आजी डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन दारोदार फिरली. बाबा ऐकून गप्प झाले आणि बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले.

मसलबरात एकूण सहा वेळा ओपन झाली. १८९१ मध्ये इथे खेळणाऱ्या एडिनबर्गच्या 'ऑनरेबल कंपनी' या जुन्या क्लबाने मुइरफिल्डला स्वतःचं मैदान केलं आणि पुढच्या वर्षीची ओपन तिकडे नेली. हळूहळू बाकीचे क्लबही गेले. १७७४ पासूनचा रॉयल मसलबरा क्लबसुद्धा प्रेस्टनग्रेंजला गेला. क्लब गेले, पण नऊ होल राहिले. आज तिथे कुणीही पैसे भरून खेळू शकतं, जुन्या लाकडी दांड्याच्या काठ्याही भाड्याने मिळतात. मला वाटतं, पार्क मंडळींचं खरं स्मारक हेच आहे.

बाबा खेळले. तीन होल गुडघ्याने साथ दिली. पुढच्या ग्रीनवर मी शेवटची गोष्ट सांगितली: भोक पाडायचं जुनं यंत्र, १८२९ सालचं, याच गावचं. त्याचं माप सव्वाचार इंच. १८९३ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ क्लबाने नियम केला आणि तेच माप जगभर गेलं.

"म्हणजे मी रोज पाडायचो ते?"

"तेच, बाबा."

ते खाली बसले. झेंडा काढून माझ्या हातात दिला आणि भोकात हात घालून बोटांनी कड चाचपली. एका बाजूची माती सुटली होती. "कटर सरळ धरला नाही सकाळी," म्हणाले, आणि अंगठ्याने दाबून ती कड हळूहळू नीट करत बसले. मागून दोघे खेळत येत होते. मी त्यांना हात करून थांबवलं.