मनूच्या बोर्डावरचं वाक्य

मंगळवार, रात्र

समीर आणि मनू केव्हाच झोपले. मनूच्या शाळेतल्या, अमेरिकेत बाहेरून आलेल्या लोकांवरच्या प्रकल्पाचा बोर्ड डायनिंग टेबलावर तसाच उघडा आहे आणि मला एका वाक्यानं जागं ठेवलंय.

मनूनं भगतसिंग थिंद निवडले ते फोटो बघून. अंगावर अमेरिकन सैन्याचा गणवेश, डोक्याला पगडी. वर्गात कुणी आयर्लंडचा दुष्काळ घेतलाय, कुणी एलिस आयलंड, म्हणजे बोटीनं येणाऱ्यांची तपासणी व्हायची ते न्यूयॉर्कजवळचं बेट. हिला ‘आपलं कुणीतरी’ हवं होतं. मलाही हवं होतं. पंजाबातला एक तरुण १९१३ मध्ये इथे येतो, ऑरेगॉनच्या लाकूड गिरणीत राबतो, १९१८ मध्ये सैन्यात भरती होतो. त्याच वर्षी नागरिकत्व मिळतं आणि चार दिवसांत काढून घेतलं जातं. १९२० मध्ये ऑरेगॉनच्या कोर्टातून पुन्हा मिळतं, तर सरकार त्याच्या विरोधात वर जातं. १९ फेब्रुवारी १९२३ ला सुप्रीम कोर्ट एकमतानं सांगतं, हा माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक नाही.

वाचताना मी सारखी त्यांच्या जागी स्वतःला बघत होते. व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीनकार्डाच्या रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला हे सांगणारं दर महिन्याचं सरकारी पत्रक, आलं की आमच्याकडे अजूनही आधी तारीख बघतात, मग चहा. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर ग्रीनकार्डं नाहीत, म्हणजे आइसलँडला जेवढी मर्यादा तेवढीच भारताला. आमची तारीख पुढे सरकायची तेव्हा सरकेल, पण मनू एकवीसची झाली की आमच्या अर्जात धरली जाणार नाही, आणि तोवर सरकली नाही तर... ते आज लिहीत नाही. एवढंच की थिंदांची गोष्ट मी आमचीच म्हणून वाचत होते. घरटॅक्स भरा, शाळेच्या पालक-शिक्षक सभेला जा, बर्फ उपसा, आणि तरी आपण पाहुणेच. खूप रडू आलं काल. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी हेच सोसलंय याचा आधारही वाटला.

मग ते वाक्य आलं. थिंदांच्या बाजूनं कोर्टात जे लेखी म्हणणं दाखल झालं, त्यातलं. आशय असा, की लग्नाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू मूळनिवासी भारतीयाकडे तसाच बघतो, जसा अमेरिकन माणूस काळ्या माणसाकडे बघतो. म्हणजे आमच्यात जात आहे, जातीबाहेर आम्ही लग्न करत नाही, म्हणून आमचं आर्य रक्त शुद्ध राहिलं, म्हणून आम्ही तुमच्यातलेच. जात हा पुरावा म्हणून कोर्टापुढे ठेवलेला. थिंद स्वतः शीख, तरी सगळ्या कागदांत ते ‘उच्चवर्णीय हिंदू’.

वकिलांमध्ये एक नाव आहे सखाराम गणेश पंडित. आजोबांच्या पतपेढीतल्या संचालकांच्या पाटीवर सहज बसेल असं नाव. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

समीरला दाखवलं तर तो म्हणाला, त्या काळाच्या मानानं बघ. त्याचं म्हणणं खोटं नाही. १७९०च्या कायद्यानं नागरिकत्व फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसाला होतं, १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाचे लोक आले. दोनच दारं. जो दोन्हींत बसत नाही तो बाहेर. त्यात थिंदांच्या निकालाच्या तीनच महिने आधी याच कोर्टानं ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना सांगितलं होतं की कातडीचा रंग बघायचा नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंदांच्या वकिलांनी तोच धागा पकडला, म्हणाले मग आम्ही त्या वंशाचे. तेव्हा ओझावांचाही निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींनी, जॉर्ज सदरलंड यांनी, लिहिलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. सदरलंड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर युटात आलेले. मनू हे वाचून म्हणाली, “म्हणजे तेपण इमिग्रंटच ना, आई?”

पंडितांचाही राग येत नाही मला. थिंदांच्या निकालानंतर सरकार भारतीयांचं नागरिकत्व काढायच्या मागे लागलं आणि त्यात यांचंही आलं. ते लढले. इथली वकिली, घर, बायको, सगळं या नागरिकत्वावर उभं आहे म्हणाले. १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले, आणि ते जिंकले म्हणून बाकीच्यांमागचा ससेमिरा थांबला. वैष्णो दास बगाई यांच्यासाठी मात्र उशीर झाला होता. १९१५ मध्ये बायकोमुलांना घेऊन आलेले, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान टाकलेले. नागरिकत्व गेलं, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. मनूला मी ते पान दिलं नाही अजून.

म्हणजे त्यांचं सोसणं खरं आहे, अडचण खरी आहे. तरी ते वाक्य घशाखाली जात नाही.

कारण तो सूर मला ओळखीचा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कोर्टात जायला नको. आमच्या रांगेतल्या लोकांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी लिहितं, आम्ही शिकलेले, आम्ही कायद्यानं आलो, आम्ही त्या सीमा ओलांडून येणाऱ्यांसारखे नाही. स्वतःसाठी जागा मागायची तर आधी कुणाला तरी खाली दाखवायचं. आणि मावशीनं रविवारी पाठवलेल्या स्थळाखाली ‘आपल्यातलेच आहेत’ हे होतंच. जाऊ दे.

थिंद इथे आले त्याच वर्षी, १९१३ मध्ये, आंबेडकर न्यूयॉर्कला आले. कोलंबिया विद्यापीठात. इथून गाडीनं तासाभरावर. १९१६च्या मे महिन्यात त्यांनी तिथे एका चर्चासत्रात जातीवर निबंध वाचला आणि सांगितलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यानं. वय पंचवीस. सात वर्षांनी कोर्टात तीच गोष्ट दाखवून कुणी गोरेपणा मागितला. एकाच देशात, एकाच दशकात आलेली दोन माणसं, आणि लग्नाची हीच चाल एकानं रोग म्हणून उघडी केली, दुसऱ्याच्या बाजूनं ती वंशावळ म्हणून मांडली गेली. गेले दोन तास हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आणि त्या वाक्यानं मिळालं काय? काहीच नाही. थिंदांना नागरिकत्व मिळालं ते १९३६ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी आदल्या वर्षी झालेल्या कायद्यामुळे. १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला शंभर जागा मिळाल्या. शंभर! आमच्यासारख्यांसाठी दार खरं उघडलं १९६५ च्या कायद्यानं, आणि तो कायदा झाला तो नागरी हक्कांच्या लढ्यानं देश हलवला होता म्हणून. ज्यांच्यात आपल्याला मोजू नका असं त्या कागदात कळवळून सांगितलं होतं, ती काळी माणसं मोर्चे काढत होती, पोलिसांचे कुत्रे अंगावर घेत होती, तुरुंगात जात होती. आमचा एच-वन हा नोकरीचा व्हिसा, हे घर, मनूची शाळा, सगळं त्यांच्या मागून आलेलं आहे. हे कळल्यावर कालचं रडू ओसरलं. तारीख सरकत नाही हे आहेच, पण या देशात सर्वांत जास्त सोसलेले आपण नाही, हे मान्य करताना हलकं वाटलं.

मनूला विचारलं, वाक्य ठेवायचं का बोर्डावर. ती म्हणाली ठेवायचं, थिंदांच्या फोटोखालीच, आणि शेजारी आंबेडकर. समीर म्हणतो, आठवीच्या पोरीच्या बोर्डावर एवढं कशाला, बाई विचारतील तर ती काय सांगणार. विचारू देत.

पण मनूला जात म्हणजे काय हे आम्ही कधी सांगितलेलं नाही. आमचं आडनाव कुठून येतं, आजीच्या घरी स्वयंपाकघरात कोण यायचं आणि कोण नाही, आमचं लग्न इतकं सहज कसं जमलं. तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी शनिवारी मीच सांगायला बसणार आहे, आईचा व्हिडिओ कॉल यायच्या आत. सुरुवात आमच्या लग्नापासूनच करेन.