गरोदरपणातली शुगर : सव्विसाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतरच्या चाचणीपर्यंत (माझा अनुभव)

सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोज पिऊन केलेल्या चाचणीच्या रिपोर्टवर रक्तातल्या साखरेचा १५६ आकडा दिसला आणि बहुतेक जणींना पडतो तोच प्रश्न मलाही पडला : एवढं गोड मी खाल्लं तरी कधी? त्याचं उत्तर आधी देते, कारण या एका प्रश्नाने खूप जणी आतून खचतात. गरोदरपणातला मधुमेह गोड खाऊन ओढवून घेतलेला नसतो. वार (प्लॅसेंटा) जसजशी मोठी होते तसतशी तिच्यातून येणारी हार्मोन्स आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. बाळाला साखर कमी पडू नये म्हणून शरीरानेच केलेली ही सोय असते. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून ती तूट भरून काढतं, काहींचं भरून काढू शकत नाही. घरात कोणाला मधुमेह असेल, वजन जास्त असेल किंवा वय तिशीच्या पुढे असेल तर शक्यता वाढते. पण यातलं काहीही नसतानाही होतो.

"मी तर बारीक आहे" हे वाक्य पुण्यात तरी कोणी बिनधास्त म्हणू नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र जास्त असतं, हे त्यातून जगापुढे आलं. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी असू शकते, त्यामुळे काटा कमी दाखवतो म्हणून चाचणी टाळू नका.

चाचणी साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी रुजवली आणि सरकारी दवाखान्यांतही हीच वापरतात. हिला उपाशी जावं लागत नाही. काही डॉक्टर तीन वेळा रक्त घेणारी दुसरी चाचणी सांगतात. तिला उपाशी जावं लागतं आणि तिच्या मर्यादा वेगळ्या : उपाशी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३. आपली कोणती आहे हे चिठ्ठी घेतानाच विचारून ठेवा, नाहीतर लॅबमधून परत यावं लागतं. पाणी गार असेल तर ते गोडमिट्ट द्रावण घशाखाली उतरतं. पिऊन झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. अर्ध्या तासानंतर झाली तर तशीच पुढे चालू ठेवतात. मधल्या दोन तासांत खाऊ नका आणि "तेवढ्यात तुळशीबागेत जाऊन येते" असंही करू नका. चालल्याने साखर खाली येते आणि आकडा खोटा कमी दिसतो.

निदान झालं की बहुतेक ठिकाणी पहिले दोन आठवडे फक्त आहार आणि चालणं सांगतात. याच दोन आठवड्यांत मी घरी बोट टोचून साखर मोजायचा मीटर घेतला आणि तुम्हीही घ्याच. पुढचं सगळं त्याच्याच जोरावर पार पडलं. गाठायचे आकडे तीन : सकाळी उपाशी ९५ च्या खाली, जेवणानंतर तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. तास मोजायचा तो पहिल्या घासापासून, ताट उचलल्यापासून नाही. इथे खूप जणी चुकतात.

बोट टोचण्याचंही तंत्र आहे. आधी हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे. आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर कातडीवरच्या रसानेच मीटर दोनशेच्या जवळ जातो आणि घरात घबराट होते. असा अनपेक्षित आकडा दिसला की आधी हात धुवून दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासायचं. सुई बोटाच्या मधोमध मारायची नाही, कडेला मारायची. तिथे दुखतं कमी आणि रक्तही नीट येतं. थेंब येत नसेल तर हात खाली लोंबकळत सोडून झटकायचा, बोट पिळायचं नाही. पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा मीटरच्या पट्टीला लावायचा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, पावसाळी हवेत पट्ट्या खराब होतात. आणि घरच्या मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक येऊ शकतो, त्यामुळे ११८ आणि १२४ यांत झोप उडवण्यासारखं काही नाही. बघायचा तो आठवडाभराचा कल.

आता जेवण. छापील डाएट चार्ट सगळ्यांना मिळतो, पण त्यात तुमच्या घरची भाकरी किती जाड आहे हे लिहिलेलं नसतं. मी वही घातली : काय खाल्लं, किती वाजता, दोन तासांनी किती. दहा दिवसांत आपल्याच ताटाचा नकाशा समोर येतो.

सकाळ सगळ्यात अवघड. त्या वेळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं, म्हणून तेच पोहे संध्याकाळी ११५ देतात आणि सकाळी १४० च्या वर नेतात. सकाळी मुगाचं धिरडं, दह्याबरोबर एक लहान थालीपीठ किंवा दोन अंडी आणि एक पोळी हे चाललं. पोहेच हवे असतील तर सुके पोहे अर्धी वाटी, त्यात मटार, भरपूर कांदा, शेंगदाणे आणि वर मोड आलेली मटकी. फळ आणि दूध नाश्त्याला न घेता अकरा वाजता किंवा दुपारनंतर. अमृततुल्यचा चहा या तीन महिन्यांपुरता बाजूला ठेवा, त्या छोट्या कपातही साखर भरपूर असते.

"ज्वारीची भाकरी चालते" हे खरं, पण ती चालते म्हणून दोन खाल्ल्या तर चालत नाही. एका मध्यम भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं, एका फुलक्याला २५ च्या आसपास. म्हणजे एक भाकरी दोन फुलक्यांच्या बरोबरीची. एक भाकरी किंवा दोन फुलके, एक वाटी उसळ किंवा घट्ट वरण, मोठी वाटी पालेभाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि ताक हे माझं दुपारचं ताट ठरून गेलं. भात हवा असेल तर एक फुलका कमी करून अर्धी वाटी, तोही शेवटी. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, शेवटी भात असा क्रम ठेवला तरी आकड्यात फरक पडतो. तुमच्या मीटरवर पाहा. मिसळीतली उसळ चालते, नडतात ते पाव आणि फरसाण.

गूळ, मध आणि खजूर मीटरच्या लेखी साखरच. "गूळ चांगला असतो गं" म्हणणाऱ्या सासूबाईंना किंवा आत्याबाईंना एकदा शेजारी बसवून मीटर दाखवा, वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, खिचडीनंतर आकडा उडतोच. वटपौर्णिमेचा आणि आषाढी एकादशीचा उपवास या वर्षी नाही. इन्सुलिन चालू असेल तर अजिबात नाही. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याचं काय हा प्रश्न येणारच : हापूसच्या दोन-तीन फोडी, त्या जेवणातला भात वगळून. आमरस मात्र नको, एका वाटीत कधी दोन आंबे जातात कळत नाही. डोहाळजेवणाला ओटी भरून घ्या, हौस करून घ्या, फक्त पाच गोडाचे पदार्थ ताटात वाढून घेऊ नका. एक उकडीचा मोदक आणि त्यानंतर वीस मिनिटं चालणं एवढं बसतं.

आणि एक चूक अगदी शहाण्या मुली करतात : घाबरून खाणंच सोडतात. आकडे सुंदर येतात, पण वजन वाढत नाही आणि लघवीत कीटोन्स (उपासमारीत शरीर चरबी जाळतं तेव्हा बनणारे पदार्थ) दिसतात. ते बाळाला चांगले नाहीत. पिष्टमय पदार्थ दिवसाला निदान १७५ ग्रॅम पोटात गेले पाहिजेत, मात्र तीन जेवणं आणि तीन मधली खाणी यांत वाटून.

चालायचं ते प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं. एकदम तासभर फिरण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. त्यासाठी कमला नेहरू पार्क किंवा सारसबाग गाठायची गरज नाही. मे महिन्याच्या उन्हात आणि जूनच्या पावसात सोसायटीचं पार्किंग पुरतं.

जेवणानंतरचे आकडे आहाराने आटोक्यात येतात, सकाळचा उपाशी आकडा मात्र हट्टी असतो. रात्रभर यकृत साखर सोडत राहतं, त्यावर ताटाचा फारसा ताबा चालत नाही. रात्रीचं जेवण आठपर्यंत, झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध आणि मूठभर शेंगदाणे, आणि उपाशी अंतर दहा तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात. तरीही तो ९५ च्या वरच राहिला तर इन्सुलिनला नाही म्हणू नका. माझं रात्रीचं इन्सुलिन तिसाव्या आठवड्यात सुरू झालं.

इन्सुलिनची सवय लागत नाही. ते वारेतून बाळाकडे जातही नाही. काहींना आधी मेटफॉर्मिनच्या गोळ्या देतात, त्या मात्र बाळापर्यंत पोचतात, म्हणून निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या. डोस दर एक-दोन आठवड्यांनी वाढत जातो. आजार बळावला असा त्याचा अर्थ नाही, वार वाढते आहे एवढाच.

आता नीट वाचा, कारण इथली चूक महागात पडते. आपल्याकडच्या बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीत ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची असते. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपीची. ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजने घेतलं तर डोस निम्म्याहूनही कमी जातो, आणि उलट झालं तर अडीचपट. मेडिकलवाल्याने दिलेली सिरिंज बाटलीशी ताडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकू नका. इन्सुलिनचं पेन असेल तर हा घोळ होत नाही. पेनला ४ मिलिमीटरची सुई पुरते. टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का पाहायचं, आणि टोचल्यावर दहा आकडे मोजूनच सुई काढायची. नाहीतर औषध कातडीवर ओघळतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पोटाच्या कडेला, दर वेळी बोटभर जागा बदलून. पोटावर टोचल्याने बाळाला सुई लागते ही भीती सोडा, सुई कातडीखालच्या चरबीपर्यंतच जाते. दुधाळ दिसणारं इन्सुलिन असेल तर तळव्यांमध्ये हळूहळू घोळवून एकसारखं करायचं, हलवायचं नाही. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजच्या दारात. फ्रीझरमध्ये नाही आणि उन्हात उभ्या गाडीत तर नाहीच.

इन्सुलिनमुळे शुगर फार खाली गेली की दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम भूक : लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर ग्लासभर पाण्यात घालून प्यायची, पडून राहायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग काहीतरी पोटभरीचं खायचं. ग्लुकोजचा डबा उशाशी आणि पर्समध्ये, दोन्हीकडे हवा. शुगर कधी उतरली ती वेळ डॉक्टरांना कळवा, डोस बदलावा लागतो.

सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर डोक्यापेक्षा भराभर वाढतो का आणि बाळाभोवतीचं पाणी वाढलं आहे का हे पाहतात. आईची जास्तीची साखर बाळापर्यंत जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि त्याची चरबी आधी पोटावर दिसते. लवकर कळा येण्याच्या शक्यतेने बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर पुढचे दोन-तीन दिवस शुगर वर जाते. त्या दिवसांत जास्त वेळा तपासा आणि डोसबद्दल विचारा. बाळाची हालचाल कमी वाटली तर डाव्या कुशीवर झोपून मोजा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा.

शुगर आहे म्हणून सिझेरियनच होतं असं नाही. आकडे ताब्यात असतील आणि बाळाचं वजन बेताचं असेल तर कळांची वाट पाहतात, साधारण ३९-४० आठवड्यांपर्यंत. वजन चार किलोच्या वर दिसलं तर मात्र सिझेरियनचा विषय निघतो. आणि तारीख पालख्यांच्या आसपास असेल तर एक पुणेरी तयारी हवीच : दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला असताना कोणते रस्ते बंद आहेत ते आधी पाहून दवाखान्याचा दुसरा रस्ता ठरवून ठेवा.

वार पडली की आईची शुगर झपाट्याने उतरते, बहुतेकींचं इन्सुलिन तिथेच थांबतं. बाळाची मात्र एकदम खाली जाऊ शकते, कारण त्याचं इन्सुलिन अजून जास्तच असतं. म्हणून पहिल्या तासात छातीशी घ्यायचं, दर दोन-तीन तासांनी पाजायचं. टाचेतून रक्त घेऊन तपासतात, ४५ च्या खाली आकडा गेला तर काळजी करतात. टाच टोचताना बाळ रडतं, ते बघवत नाही, पण तपासू द्या. दूध कमी वाटलं तर तेव्हाच नर्सला बोलवा. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घरी येतीलच. गूळ निम्मा घालून लहान वळायला सांगा आणि दिवसाला एक.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तीच ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची असते, या वेळी उपाशी आणि दोन तासांनी अशी दोनदा. दोन तासांचा आकडा १४० च्या खाली हवा. १४० ते १९९ म्हणजे सीमारेषेवर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. उपाशी १२६ किंवा जास्त म्हणजेही मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी (एचबीए१सी) इतक्यात भरवशाची नसते, त्यावर भागवू नका. बाळाच्या लशींच्या धावपळीत ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, म्हणून दीड महिन्याच्या लशीच्याच आठवड्यात तिची तारीख टाकून ठेवा. निघताना बाळाला पाजून, सोबत आईला किंवा बहिणीला घेऊन जा. मधल्या दोन तासांत बाळ पाजलं तर चालतं, फक्त तुम्ही काही खायचं नाही. रिपोर्ट चांगला आला तरी पुढे दर वर्षी एकदा तपासा. आणि ती वही टाकू नका. पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत ती डॉक्टरांपुढे ठेवायची आणि चाचणी तेव्हाच करून घ्यायची.