चौकटीबाहेरचा एल्क

पुण्यात दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, एल्क काउंटीत, सकाळचे सात झालेले असतात. एल्क, म्हणजे तिकडची मोठ्या चणीची हरणे, हिंडतात ती मुख्यतः पहाटे आणि सायंकाळी. त्यामुळे सप्टेंबरात त्यांची सकाळ नेमकी माझ्या चहाच्या वेळेला येते. तिथल्या गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याने, एका कुरणावर कॅमेरा बसवला आहे आणि नरांच्या माजाच्या दिवसांत त्याचे चित्रण इंटरनेटवर थेट पाहता येते.

पाहता येते म्हटले, तरी बराच वेळ ओल्या गवताखेरीज काहीच दिसत नाही. आवाज मात्र येत राहतो. आपल्या सांबराहूनही थोर, तीनशे किलोंच्या पुढे जाणारा हा नर डरकाळीसारखे काही काढील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्याचा सूर खालून उठतो, चढत चढत चिरकी, लांब शिटी होतो आणि शेवटी दोनचार खोल हुंकारांत विरतो. चौकटीबाहेर डावीकडच्या झाडीतून एक नर अशी साद घालतो, उजवीकडून दुसरा त्याला उत्तर देतो आणि मधल्या माद्या, आपला या भांडणाशी काही संबंधच नसल्यासारख्या, चरत राहतात. कोण किती जवळ आला हे डोळ्यांआधी कानांना कळते, म्हणून मी हेडफोन लावूनच बसतो.

या रानाला कोणी अस्पर्श निसर्ग म्हटले, तर ते मला पटणार नाही. तिथले मूळचे एल्क शिकार आणि जंगलतोड यांमुळे एकोणिसाव्या शतकातच नाहीसे झाले होते. १९१३ ते १९२६ या काळात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान आणि इतर ठिकाणांहून १७७ एल्क आणून सोडले गेले आणि आजचा हजाराहून मोठा कळप त्यांच्यापासून वाढला. माणसांनी संपवलेले माणसांनीच परत आणले, ही गोष्ट मला या चित्रणाचा कमीपणा वाटत नाही, उलट त्यामुळेच ते अधिक पाहावेसे वाटते.

तक्रार एकच आहे. माज ओसरला की साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर प्रक्षेपण थांबते. झुंजींत आणि माद्या राखण्यात खाणेपिणे विसरून खंगलेले नर हिवाळा कसा काढतात आणि वसंताच्या तोंडावर शिंगे गळून पडल्यावर कसे वावरतात, हे पाहायला मी शिट्यांवाचूनही आनंदाने बसेन.