आईकडे तक्रार

मधाच्या बाटलीत तळाशी साखर धरली की मी ती कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी करते. मग मध सैल होईपर्यंत ओट्याशी उभं राहायचं. अशा वेळी मला हमखास अरिस्टिअस आठवतो.

ग्रीक पुराणात देवांच्या मुलांची गर्दीच आहे. त्यात अपोलोचा हा मुलगा मागच्या बाकावरचा. त्याची आई सायरीनी पेलिअन डोंगरावर हातात शस्त्र नसताना सिंहाशी झुंजत होती, ते पाहून अपोलो भाळला आणि तिला थेट लिबियात घेऊन गेला. तिच्या नावाच्या नगरीचे अवशेष आजही तिथे आहेत. बाळ झालं ते देवांचा दूत हर्मिसने नेऊन धरतीच्या आणि ऋतुदेवतांच्या ओटीत घातलं. त्यांनी त्याला चक्क अमृत चाटवलं.

एवढं करून पोरगा निघाला मधमाश्या पाळणारा, दुधाचं चीज करणारा आणि ऑलिव्हची निगा राखणारा! बापाकडे संगीत, भविष्यवाणी, धनुष्यबाण; याच्या हाताला दुधाचा वास. माझ्या मते घरात उपयोगी हाच.

रोमन कवी व्हर्जिलने इ.स.पू. २९च्या सुमारास पुऱ्या केलेल्या शेतीकाव्यात त्याच्या माश्या रोगाने आणि उपासमारीने मरतात. तेव्हा हा बापाच्या देवळात जात नाही. पेनिअस नदीच्या उगमाशी उभा राहून आईच्या नावाने गळा काढतो. तू म्हणतेस तसा अपोलो खरंच माझा बाप असेल, तर माझी ही दशा का, म्हणून. त्या ‘असेल तर’मध्ये सगळा राग आला.

व्हर्जिलकडे आई जलदेवता, राहते पाण्याखाली. ती नदी दुभंगवून त्याला आत घेते. हात धुवायला पाणी, पुसायला पंचा, समोर वाढलेलं पान. मग कारण शोधायला समुद्रातल्या त्रिकालज्ञ प्रोटिअसकडे धाडते. कारण काय, तर यानेच गायक ऑर्फिअसच्या बायकोचा, युरिडिसीचा पाठलाग केला, पळताना तिला साप चावून ती मेली, म्हणून तिच्या सख्या वनदेवता कोपल्या. प्रोटिअस एवढं सुनावून समुद्रात बुडी मारतो. आई मात्र थांबते. घाबरू नको म्हणते, चार बैल आणि चार कालवडी अर्पण करायला सांगते. नवव्या दिवशी त्या कलेवरांतून माश्यांचे थवे उठतात. (हा उपाय मी वाचून सोडून दिला.)

साऱ्या प्रकरणात अपोलो फिरकतही नाही.

बाटली उलटी करून पाहिली. तळाची साखर अजून जागची हललेली नाही. पाणी पुन्हा गरम करायला ठेवलं.