माद्रिद ते लिस्बन: बंद पडलेल्या रात्रगाडीचा भरवसा धरू नका

माद्रिदहून लिस्बनला रात्रीची थेट रेल्वे आहे, रात्री बसायचं, सकाळी उतरायचं, एका रात्रीचं हॉटेल वाचतं, असं कोणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा की बाबा, तू शेवटचा कधी गेला होतास? लुझितानिया नावाची ती गाडी कोरोनात, 2020 च्या मार्चमध्ये बंद झाली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. पुण्यातल्या ज्या टूरवाल्याने आम्हा बहीण-भावाला सगळी आखणी करून दिली, त्याच्या कागदावर मात्र 'मुक्काम: ट्रेनमध्ये' असं ठळक छापलेलं होतं. हॉटेलं त्याच हिशेबाने घेऊन झालेली. तिकिटं काढायला बसलो तेव्हा कळलं की मुक्कामाला ट्रेनच नाही. त्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, मग डे ट्रेन घ्या ना, व्ह्यू पण मिळेल." थेट डे ट्रेनही नाही!

शेजारशेजारच्या दोन देशांच्या राजधान्या, रस्त्याने सव्वासहाशेच्या आसपास किलोमीटर. समृद्धीने मुंबई-नागपूर 701 आहे, हे त्याहूनही कमी. आणि मधे एकही थेट गाडी नाही. बरं, रुळांची रुंदी वेगळी असावी म्हणावं तर तेही नाही. स्पेनचे जुने रूळ आणि पोर्तुगालचे रूळ दोन्ही 1668 मिलिमीटरचे, आपल्या ब्रॉडगेजहून फक्त 8 मिलिमीटर कमी. लुझितानियाला टाल्गो कंपनीचे डबे होते. 2016 मध्ये दिल्ली-मुंबई चाचणीसाठी आपल्याकडे आणले होते ते त्याच कंपनीचे. म्हणजे गाडी आहे, रूळ आहेत, फक्त चालवायची कोणी यावर एकमत नाही. युरोपीय कमिशनने 2025 च्या नोव्हेंबरात 2030 पर्यंत पाच तासांत आणि 2034 पर्यंत तीन तासांत माद्रिद-लिस्बन असा वायदा केलाय. तोवर तुम्ही-आम्ही काय करायचं ते सांगते.

रेल्वेने जायचंच असेल तर तीन गाड्या बदलायच्या: माद्रिद ते बादाखोस, बादाखोस ते एन्त्रोंकामेन्तु, तिथून लिस्बन. अख्खा दिवस जातो. जोडगाड्या मोजक्याच आहेत आणि वेळापत्रकं बदलत असतात, त्यामुळे आधी मधली गाडी कधी आहे ते बघा आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाकीच्या लावा. उलट केलंत तर बादाखोसला मुक्काम पडेल.

पहिला टप्पा छान आहे, त्याबद्दल फार बोलत नाही. आतोचा स्टेशनवर लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी सामान स्कॅन होतं, 2004 च्या माद्रिदमधल्या बॉम्बस्फोटांपासूनची पद्धत आहे, म्हणून अर्धा तास आधी पोचा. स्पॅनिश रेल्वेचं, म्हणजे रेन्फेचं, तिकीट विमानासारखं असतं, लवकर काढाल तितकं स्वस्त. सव्वाचार-साडेचार तासांत कासेरेस, मेरिदा करत बादाखोस येतं. डब्यात एसी, पाय पसरायला जागा, दोघंही झोपलो.

खरी परीक्षा बादाखोसला.

हे सरहद्दीवरचं गाव. हा एस्त्रेमादुरा प्रांत म्हणजे स्पेनचा विदर्भच म्हणा, उन्हाळ्यात 40 च्या वर पारा. स्टेशन ग्वादियाना नदीच्या या तीरावर, जुनं गाव पलीकडे. मधे तासन् तास काढायचे असतील तर पाठीवर सामान घेऊन जुना पाल्मास पूल ओलांडून जाता येतं, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पण दुपारी दोन ते पाच दुकानं बंद आणि गावात चिटपाखरू नाही. शाकाहारी असाल तर आणखी पंचाईत, कारण हा भाग डुकराच्या मांसासाठी, त्या टांगलेल्या हामोनसाठी प्रसिद्ध. बटाट्याचं ऑम्लेट मिळतं, अंडं चालत असेल तर. आमच्याकडे माद्रिदमधून घेतलेला पाव, चीज आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी होती, त्यावर निभावलं. पाणी माणशी दोन लिटर धरा. यात काटकसर करू नका.

आता घड्याळ. पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे आहे. बादाखोसहून सुटणारी पोर्तुगीज गाडी पोर्तुगालच्या वेळापत्रकात पोर्तुगालच्या वेळेने दाखवलेली असते, आणि तुम्ही स्पेनच्या वेळेने उतरलेले असता. माद्रिदकडून येताना या घोळात फार तर एक तास जास्त ताटकळावं लागतं. लिस्बनकडून माद्रिदला जाताना मात्र घात होतो: पोर्तुगीज वेळेने पाचला पोचलात म्हणजे स्पेनमध्ये सहा वाजलेले असतात आणि साडेपाचची गाडी गेलेली असते. सरहद्दीजवळ फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा, त्याच्यावर विसंबू नका. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि कागदावर दोन्ही वेळा लिहून ठेवा.

पुढचा टप्पा हा सगळ्या प्रवासाचा कणा मोडणारा. रेल्वे म्हणून फलाटावर जी येते ती डिझेलवर चालणारी छोटी रेलकार असते. एकेरी मार्ग, बहुतेक वाटेवर रुळांना वीज नाही, सुमारे पावणेदोनशे किलोमीटरला तीन तासांच्या आसपास. एल्वश, पोर्तालेग्रे, आणि मग बुचाची झाडं, बुचाची झाडं, परत बुचाची झाडं. पोर्तालेग्रेला उतरून गाव बघू असा विचार कोणी करत असेल तर सोडून द्या, स्टेशन गावापासून कित्येक किलोमीटर लांब रानात आहे. मोठ्या चाकांच्या बॅगा घेऊन ही गाडी पकडू नका. ठेवायला जागा अपुरी, चढायला पायऱ्या, आणि प्रत्येक वळणावर बॅग गडगडत समोरच्या आजींच्या पायावर. धाकट्याची 23 किलोची बॅग होती. तीन तास त्याने ती गुडघ्यांत धरून काढली आणि त्या वेळात तो टूरवाल्याबद्दल जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

आणि मग अबरांतेशनंतर तेजो नदी येते. रूळ अगदी पाण्याच्या कडेने जातात, आणि नदीच्या मधोमध एका खडकाळ बेटावर आल्मुरोलचा किल्ला उभा. मध्ययुगात टेंपलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांनी बांधलेला, बुरुजासकट शाबूत. आमच्या जंजिऱ्याची आठवण आली. धाकट्याने बॅग सोडली आणि काचेला नाक लावलं. एवढ्या एका दृश्यापोटी ही गाडी पकडा असं त्या क्षणी मी कोणालाही सांगितलं असतं. आता घरी बसून शुद्धीवर आल्यावर सांगते: किल्ला बघायचा तर लिस्बनहून एका दिवसात जाऊन या, साधी लोकल गाडी आल्मुरोलला थांबते.

एन्त्रोंकामेन्तु हे रेल्वे जंक्शनभोवतीच वाढलेलं गाव, पोर्तुगालचं रेल्वे संग्रहालयही तिथेच आहे. गाड्यांचं वेड असेल तर थांबा. तिथून लिस्बन तास-सव्वातास. हॉटेल जुन्या शहरात असेल तर शेवटपर्यंत, सान्ता आपोलोनियाला, उतरा. विमानतळाच्या बाजूला असेल तर आधीच्या ओरिएन्तेला.

लिस्बनचे दिवस मजेत गेले. सगळ्यांचे जातात.

परतीला आम्ही वाटा वेगळ्या केल्या. मी विमानाने, धाकटा बॅगेपायी रात्रीच्या बसने. त्यामुळे आता दोन्हीचा हिशेब आहे.

विमान सव्वा तासाचं. आगाऊ बघितलं तर तीस ते पन्नास युरोत तिकीट दिसतं, आणि युरो शंभरच्या आसपास धरला तर ते पुणे-दिल्लीपेक्षा स्वस्त वाटतं. वाटतंच फक्त. स्वस्त कंपन्यांच्या तिकिटात आसनाखाली मावेल एवढीच पिशवी धरलेली असते. माझी पाठपिशवी फुगलेली होती, गेटवर लोखंडी साच्यात घालून बघा म्हणाले, चेन दोन बोटं बाहेर राहिली आणि तिकिटापेक्षा जास्त रक्कम तिथल्या तिथे कार्डावरून गेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सगळे एकाच माळेचे मणी आहेत. स्पेनच्या सरकारने 2024 च्या नोव्हेंबरात अशाच वसुलीबद्दल पाच विमान कंपन्यांना मिळून 17 कोटी 90 लाख युरोंचा दंड ठोठावला, तरी साचे गेटवर उभेच आहेत. तेव्हा तिकिटाची किंमत कधीच एकटी बघू नका. बॅगेसकट बेरीज करा आणि मग ती आयबेरिया, टाप अशा जुन्या कंपन्यांच्या साध्या तिकिटाशी ताडून बघा. आम्ही बघितलं तेव्हा त्यांच्यात केबिन बॅग धरलेली होती आणि फरक आठ-दहा युरोंचा निघाला. शिवाय भारतीय पासपोर्टवाल्यांकडून काही स्वस्त कंपन्या व्हिसा तपासून घेण्याचा आग्रह धरतात, अगदी शेंगेनमधल्या शेंगेनमध्येही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतल्या देशांतही. त्यामुळे मोबाइलवर बोर्डिंग पास आला म्हणून सरळ गेटकडे पळू नका, आधी काउंटर गाठा.

लिस्बनचं विमानतळ शहरातच आहे, मेट्रोची लाल लाइन आत जाते. माद्रिदला मेट्रोने बाहेर पडताना विमानतळाचा 3 युरो अधिभार लागतो. चौथ्या टर्मिनलवर उतरलात तर मेट्रो सोडा, लोकल रेल्वे घ्या, थेट आतोचा.

बस: लिस्बनच्या ओरिएन्तेहून माद्रिदच्या मेंदेस आल्वारो स्थानकापर्यंत साधारण आठ-नऊ तास, आल्सा आणि फ्लिक्सबस दोन्ही जातात. तिकीट विमानाएवढंच किंवा थोडं कमी, पण मोठी बॅग पोटात जाते आणि साचा नाही. धाकट्याच्या म्हणण्याप्रमाणे झोप अशी लागतच नाही, मध्यरात्री दिवे लावून थांबे घेतात. पासपोर्ट खिशात ठेवा, सरहद्दीवर पोलीस चढू शकतात. खालच्या बॅगेत टाकलात तर रात्री दोन वाजता सगळ्या बसच्या शिव्या खाल.

माझा निकाल असा. पाठीवर एक छोटी पिशवी असेल तर विमान, दुसरा विचार नको. मोठी बॅग आणि तरुण पाठ असेल तर रात्रीची बस. रेल्वे कोणासाठी? ज्याला मेरिदा बघायचंय त्याच्यासाठी. सकाळच्या गाडीने मेरिदाला उतरा, रोमन नाट्यगृह आणि ग्वादियानावरचा जवळपास 800 मीटरचा रोमन पूल बघा, रात्री राहा, दुसऱ्या दिवशी बादाखोस. आणि तिथून ती रेलकार टाळून लिस्बनची बस धरा, तीन तासांत पोचवते. फक्त बादाखोसचं बसस्थानक रेल्वे स्टेशनजवळ नाही, नदीच्या पलीकडे गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेव्हा टॅक्सीचे पैसे धरा. पैसे देताना कार्डाच्या यंत्रावर 'रुपयांत की युरोत' असं विचारलं तर युरोच दाबा. रुपयांचा भाव तिथलं यंत्र स्वतःच्या सोयीने लावतं.