तलंगांना पायडलच्या पेटीची सवय लावताना

मृग नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, आमच्या बारा वनराजा तलंगांनी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांनी, पायडलच्या फीडरमधून स्वतःहून खायला शिकावे, असे मी मे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवले होते. गुहागरच्या या किनाऱ्यावर पावसाळ्यात उघड्या टोपातले खाद्य दुपारपर्यंत ओलसर होते, दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो, आणि बुरशी धरलेल्या मक्यात व पेंडीत तयार होणारे अफ्लाटॉक्सिन वाढत्या पिल्लांच्या यकृतालाच अपाय करते. त्याखेरीज दिवसा कावळे आणि रात्री घुशी आहेतच, आणि घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाची धास्ती पावसाळ्यात इथल्या घराघरांत असते. म्हणून एरवी झाकण मिटलेले राहील आणि कोंबडी पायडलवर उभी राहिली तरच उघडेल, अशी पत्र्याची पेटी मागवली.

वनराजा ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी तयार केलेली जात असल्यामुळे ती अंगाने लवकर भरते. तरीही नवव्या आठवड्यात आमची सर्वांत हलकी तलंग काट्यावर ६५० ग्रॅमच भरली. पायडल किती वजनाने दबते हे पाहण्यासाठी मी त्यावर एक लिटरची रिकामी बाटली ठेवली आणि तांब्याने थोडे थोडे पाणी ओतत गेलो. बाहेरच्या कडेला ठेवलेली बाटली अर्धी भरताच पायडल खाली गेले, पण पेटीच्या जवळ सरकवल्यावर पाऊण बाटली भरली तरी ते हलेना. पिल्लू खाण्यासाठी पेटीजवळच सरकणार, हे उघड होते. तेव्हा झाकणाच्या मागे अडकवलेल्या दोन वजनांपैकी एक मी काढून टाकले. पिल्ले शिकत नाहीत अशी तक्रार करण्याआधी प्रत्येकाने ही बाटलीची परीक्षा जरूर करावी, कारण न दबणाऱ्या पायडलवर उभे राहून काहीच मिळाले नाही, तर पिल्लू पुन्हा त्या वाटेला लवकर जात नाही.

पहिला आठवडा झाकणाखाली चिऱ्याची कपची सारून ते पूर्ण उघडे ठेवले. पेटी जुन्या टोपाच्याच जागी, मांगराच्या पडवीत ठेवली होती, तरी पहिले दोन दिवस पिल्ले तिच्याभोवती मान लांब करून फिरत राहिली. कोंबडीला नव्या वस्तूचे भय फार असते. तिसऱ्या दिवशी पेटीच्या तोंडाशी तांदळाची कणी पसरली, तेव्हा एक धीट तलंग कणी टिपता टिपता पायडलवर चढली आणि आत चोच घालून खाऊ लागली. बाकीच्या तिच्याकडे पाहून आल्या. दुसऱ्या आठवड्यात कपची काढून बोटभर जाडीची माडाची ढलपी सारली, म्हणजे पायडल थोडे हलावे आणि झाकण थोडेच मिटावे. खरी अडचण इथे आली. झाकण पत्र्यावर आपटल्याचा आवाज होताच सगळ्या फणसाखाली पळाल्या आणि संध्याकाळपर्यंत परतल्या नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी झाकणाच्या कडेला चिकटवली, बिजागरीला खोबरेल तेल घातले, आणि तो आवाज जवळजवळ गेला. खाऱ्या वाऱ्यात बिजागरी लवकर गंजते आणि गंजलेले झाकण जड होते, म्हणून तेल दर आठवड्याला घालतो.

तिसऱ्या आठवड्यात ढलपी काढल्यावर एक चूक मात्र माझ्याच हातून झाली आणि तिचे मला अजून वाईट वाटते. कोंबड्यांतला टोचण्याचा क्रम, म्हणजे कोणी कोणाला टोचून मागे सारायचे याची उतरंड, नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी मांडला, तो आमच्या अंगणात रोज दिसत असूनही मी हिशेबात घेतला नव्हता. सर्वांत खालच्या क्रमाची, मानेवर एक पांढरे पीस असलेली तलंग पायडलवर चढण्याचे धाडस करत नसे. दुसरी उभी असताना ती बाजूने मान घालून खाई. वरची तलंग एकाएकी उतरली आणि झाकण हिच्या मानेवर आले. ट्यूबच्या पट्टीमुळे इजा झाली नाही, चार पिसे गेली, पण ती दोन दिवस पेटीकडे फिरकली नाही. त्याच दिवशी पेटीच्या दोन्ही बाजूंना प्लायच्या फळ्या ठोकल्या, त्यामुळे आता फक्त समोरून, पायडलवरूनच खाता येते.

या काळात पिल्लांना उपाशी ठेवून शिकवण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही. सकाळी पहिले दोन तास फक्त पेटी आणि संध्याकाळी खुराड्यात शिरताना प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपणे, एवढेच केले. पिशवी भरलेली असेल तर ती चेंडूसारखी हाताला लागते. रिकामी लागली, तर त्या तलंगेला वेगळे घेऊन वाडग्यात खाद्य दिले.

सर्वांत मोठी मदत आमच्या चार जुन्या कोंबड्यांनी केली. त्यांनी पायडल तीन दिवसांत आत्मसात केले आणि तलंगा त्यांच्या मागे उभ्या राहून पाहत राहिल्या. मात्र पेटी एकच असल्यामुळे तीत अंड्यावरच्या कोंबड्यांचे लेअर खाद्य भरता येत नाही. त्यातले कॅल्शियम अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडांना बाधते. म्हणून पेटीत वाढत्या पिल्लांचे ग्रोअर खाद्य आणि जुन्या कोंबड्यांसाठी खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवला. तलंगा तो चुरा क्वचितच टिपतात.

पहिला जोराचा पाऊस ९ जूनला आला. त्या दिवशी पडवीत बसून मी मोजले: अकरा तलंगा आपापल्या वेळी पायडलवर चढून खाऊन गेल्या. पांढऱ्या पिसाची मात्र सगळ्या पांगल्यावर, दुपारी उशिरा आली, एक पाय पायडलवर ठेवून थांबली, झाकण किंचित हलताच मागे सरली, पुन्हा आली आणि या वेळी तिने दोन्ही पाय ठेवले. संध्याकाळी तिची पिशवी भरलेली होती. तिचे वाडगे मी अजून धुऊन ठेवलेले नाही. पुढचे आठ दिवस तरी तिला रोज चाचपणार आहे.