आमची वाटचाल: अक्षता 20 सेकंद उशिरा पडतात

नाशिकमध्ये लग्नांचं शूटिंग करायचो, तेव्हा इंटरनेटवरून लाइव्ह प्रक्षेपण कुणी मागत नव्हतं. 2020 मध्ये लग्नाला 50 माणसांची मर्यादा आली. एप्रिल 2021 मध्ये तर 25 माणसं आणि 2 तास. सख्खी मावशीसुद्धा यादीबाहेर राहायला लागली, आणि घरी बसलेल्यांना लग्न लाइव्ह दाखवण्याचं आमचं काम सुरू झालं. एक कॅमेरा, त्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं एक कॅप्चर कार्ड, जुना लॅपटॉप आणि प्रक्षेपणासाठी ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर. आजही कार्याच्या जागी मी एकटाच असतो.

निफाड तालुक्यातलं एक लग्न मी विसरलेलो नाही. सकाळी लॉन्सवर जाऊन स्पीड तपासला, अपलोड छान मिळत होता. मुहूर्ताला मंडप भरला आणि तोच टॉवर शेकडो फोनांत वाटला गेला. अंतरपाट धरला तेव्हा थांबलेलं चित्र कन्यादान उरकलं तरी हललं नाही. नवरीचा भाऊ परदेशात होता. रात्री त्याचा फोन आला. रागावला नाही, एवढंच विचारलं, "दादा, रेकॉर्डिंग तरी आहे ना?" होतं. लॅपटॉपवर सगळं साठवलेलं होतं. पण बहिणीच्या डोक्यावर अक्षता पडताना त्याला तिथं असायचं होतं, ते राहून गेलं. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

तेव्हापासून रिकाम्या मंडपातल्या स्पीडवर विश्वास ठेवत नाही. कार्यालयात वायरचं इंटरनेट आहे का, हे सुपारी घेतानाच विचारतो. नसेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं नेतो आणि चित्राच्या 1080 या जास्त स्पष्ट दर्जाचा आग्रह सोडतो. 1080 ला 6 एमबीपीएस वेगाने तासाला 2.7 जीबी अपलोड लागतं, 720 या कमी दर्जाला 2.5 एमबीपीएसवर 1.1 जीबीत भागतं. बहुतेक जण मोबाइलवरच पाहतात, त्यांना फरक फारसा जाणवत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावतो. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद पडतो.

आवाजाकडे मी चित्रापेक्षा जास्त लक्ष देतो. चित्र अडखळलं तर लोक थांबतात. मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत तर लिंक बंद करतात. साऊंडवाल्या दादांकडून मिक्सरचा ऑक्स, म्हणजे आवाजाची वेगळी वायर, घेतो, मध्ये विजेची घरघर रोखणारा आयसोलेटर लावतो. शिवाय गुरुजींना माझा स्वतःचा कॉलर माइक. वरातीत बँडवर सिनेमाची गाणी लागली की कॉपीराइटमुळे प्रक्षेपण अडू शकतं. म्हणून वरात लाइव्ह दाखवत नाही, तिचं रेकॉर्डिंग नंतर देतो. हे यजमानांना आधीच सांगितलेलं बरं.

मंडपात मी एकटा असलो तरी घरी बायको फोनवर तीच लिंक लावून बसते. लॅपटॉपवर सगळं हिरवं, म्हणजे ठीक, दिसत असतं आणि तिचा मेसेज येतो, "गुरुजींचा आवाज गेला." तिच्याशिवाय हे काम झालं नसतं.

लाइव्ह 15-20 सेकंद मागे चालतं. पुण्यात पलंगावर पडून असलेल्या एका आजींनी वाटीत अक्षता घेतल्या होत्या. इथे वाजंत्री सुरू झाली, तरी त्यांचं "सावधान" यायचं होतं. ते आलं तेव्हा त्यांनी टीव्हीवर अक्षता टाकल्या. त्यांच्या सुनेने पाठवलेला तो व्हिडिओ मी जपून ठेवलाय.

आता 2027 चा सिंहस्थ येतोय. गोदाघाटावरच्या गर्दीत मोबाइल नेटवर्कच्या भरवशावर उभा राहणार नाही. पंचवटीत फायबर असलेली गच्ची शोधायला सुरुवात केली आहे. दोन घरमालकांशी बोलणं झालंय.